मानाचा सोटा

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते तेव्हा विधानसभेत अध्यक्षांच्या आसनापुढे राजदंड ठेवलेला असतो. सभागृह तापले की विरोधी बाकांवरचे सदस्य त्याच दंडाकडे धावतात. कुणी तो उचलला, पळवला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याची मोठी बातमी होते. त्या दंडाने आजवर कुणाला मारलेले नाही आणि पुढेही मारणार नाही. तरी तो जागचा हलला की सभागृहाचे कामकाज अडते. माणसाने हातात धरलेल्या अगदी पहिल्या हत्यारांपैकी एक म्हणजे सोटा. लढाईतून बाजूला झाल्यावर जेवढा मान सोट्याला मिळाला, तेवढा दुसऱ्या हत्याराला क्वचितच मिळाला असेल.

सोट्याची ही बढती सर्वांत देखणी कुठे झाली, हे पाहायचे तर दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जावे लागते. १८९३ साली गांधीजी ज्या नाताळ वसाहतीत उतरले, तिच्या उत्तरेला झुलूंचा मुलूख आहे. तिथल्या गाठीच्या सोट्याला झुलू लोक इविसा म्हणतात. युरोपातल्या लिलावांच्या याद्यांत तो नॉबकेरी या नावाने येतो, आणि जुन्या आफ्रिकी वस्तूंचे संग्राहक त्यासाठी आजही चांगली रक्कम मोजतात.

इविसाची पहिली अट अशी की तो एकसंध हवा. वरचा मुठीएवढा गड्डा आणि खालचा बोटाएवढा दांडा, दोन्ही एकाच लाकडातून निघाले पाहिजेत. त्यामुळे कारागीर लाकूड निवडतो तेच गड्ड्याच्या जाडीचे, आणि दांडा काढण्यासाठी त्यातला बहुतेक भाग तासून टाकतो. आधी छोट्या तासणीने ढोबळ घाट, मग भाल्याच्या पात्याने किंवा सुरीने बारीक तासकाम, शेवटी खरखरीत दगडाने घासणे आणि जनावराची चरबी चोळणे. लाकडाच्या रेषा दांड्यात सरळ उभ्या धावल्या नाहीत तर गड्ड्याखालीच तो मोडतो. म्हणून रानटी ऑलिव्ह, उम्झिम्बीट अशी जड, चिवट, दाट रेषांची लाकडे निवडली जातात. नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा का आणि हातातल्या काठीला तेंदू का, हे त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे.

चांगला कारागीर लाकडाचे दोन रंगही वापरतो. खोडाचा गाभा काळसर तपकिरी असतो आणि सालीजवळचा भाग फिकट. गड्ड्याचा अर्धा भाग गडद आणि उरलेला मधाच्या रंगाचा, अशी जुनी इविसे संग्रहांत दिसतात. त्यांवर रंगाचा थेंबही लावलेला नसतो. झाडाच्या आत काय आहे हे ओळखूनच पहिला घाव घातलेला असतो. या कामाला कला म्हणायचे की कारागिरी, यावर युरोपातल्या संग्रहालयांनी फार काळ घोळ घातला. बहुतेक सोटे त्यांनी शस्त्रांच्या कपाटात ठेवले आणि शिल्पांच्या दालनात त्यांना जागा दिली नाही.

त्यानंतर तारकाम. तांब्या-पितळेची तार पोर्तुगीजांच्या डेलागोआ उपसागरातल्या बंदरातून, म्हणजे आजच्या मापुतोतून, या मुलखात येई. धातू बाहेरून आलेला, त्यामुळे तो ज्याच्या अंगावर किंवा हातात दिसे त्याचे वजन वाढे. ही तार अगदी बारीक करून दांड्याभोवती टोपलीच्या विणीसारखी विणत. चौकटी, त्रिकोण, नागमोडी पट्टे असे नमुने त्यातून उमटत. काही सोट्यांच्या गड्ड्यांतही तारेचे तुकडे ठोकून नक्षी केलेली असते. काही गड्डे आतून पोखरून तपकीर ठेवण्याची डबी केलेली आढळते. झुलू समाजात तपकीर ही पाहुण्याला आदराने द्यायची आणि पितरांना अर्पण करायची वस्तू आहे. अशा सोट्याने कुणी लढत नाही. तो हातात घेऊन माणूस चारचौघांत उभा राहतो, आणि पाहणाऱ्याला त्याची पायरी कळते.

लढाईचा सोटा आणि मानाचा सोटा यांत फरक करताना मात्र जपून राहावे. १८३८ च्या ६ फेब्रुवारीला झुलू राजा डिंगाने याने आपल्या राजधानीत आलेल्या पीट रेटीफ या बोअर पुढाऱ्याला आणि त्याच्या माणसांना सोट्यांनीच ठार करवले. राजाची आज्ञा आणि सोट्याचा घाव तिथे एकत्र होते. मानाचा सोटा हा त्या धाकाचाच पुढचा अवतार. धाक खरा होता, म्हणूनच नंतर नुसता सोटा दाखवला तरी पुरे झाले.

१८७९ च्या इंग्रज-झुलू युद्धाने या वस्तूंचे नशीब बदलले. २२ जानेवारीला इसांडलवाना इथे झुलू सेनेने इंग्रजांचा दारुण पराभव केला. ४ जुलैला इंग्रजांनी उलुंडी ही राजधानी जिंकून जाळली. त्या सहा महिन्यांत आणि नंतर सैनिकांनी ढाली, भाले, सोटे आठवण म्हणून गोळा केले आणि बोटीने घरी नेले. मागणी वाढली तेव्हा खास युरोपीय गिऱ्हाइकांसाठीही कोरीवकाम सुरू झाले. काठीच्या टोकाला माकड कोरणारा एक अनाम कारागीर अभ्यासकांमध्ये ‘बबून मास्टर’ या नावाने ओळखला जातो. तो बहुधा झुलू नसून शेजारच्या त्सोंगा समाजातला असावा असे मानतात. त्याची शैली ओळखता येते, कामे ओळखता येतात, पण त्याचे नाव कुणी विचारून ठेवले नाही.

झुलू सोट्यांच्या संग्रहाचे हे मूळ दुखणे आहे. वस्तू टिकली आणि तिच्याभोवतीची माहिती नाहीशी झाली. इंग्लंडमधल्या घरांच्या भिंतींवरून उतरलेल्या शेकडो सोट्यांवर ‘झुलू’ एवढाच शिक्का बसला. त्यांत स्वाझींचे आहेत, त्सोंगांचे आहेत, सोथोंचेही आहेत. कुणी कोरला, कुणाच्या हातात होता, कोणत्या प्रसंगी निघत असे, यातले काहीच नोंदलेले नाही. जाणकार संग्राहक म्हणून वस्तूच्या अंगावरच्या खुणा वाचतात. हात पडून पडून गुळगुळीत आणि गडद झालेली दांड्यावरची जागा ते पाहतात. लाकडाच्या रेषांबरोबर गेलेल्या केसाएवढ्या भेगा, तारेच्या विणीत खोल बसलेला काळपटपणा, गड्ड्यावरचे जुने घाव, सारे ते तपासतात. नव्या सोट्याला बुटाचे पॉलिश लावून जुना केलेला असेल तर काळा रंग सगळीकडे सारखाच दिसतो. वापराने आलेला काळेपणा असा सारखा पसरत नाही. गेंड्याच्या शिंगाचे सोटेही पूर्वी मोठ्या मानाचे होते. आज गेंड्याच्या शिंगाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत आणि शहाणा संग्राहक त्या वाटेला जात नाही. दक्षिण आफ्रिकेतूनही जुनी वारसावस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. त्यासाठी तिथे १९९९ चा कायदा आहे.

त्या देशाने सोट्याला त्याची जागा परत दिली, ती मोठ्या डौलाने. २७ एप्रिल २००० रोजी स्वीकारलेल्या राष्ट्रचिन्हात भाल्याबरोबर नॉबकेरी आहे. २००४ मध्ये तिथल्या संसदेने जुना राजदंड बाजूला ठेवून नवा घडवला, तो गाठीच्या सोट्याची आठवण देणारा, सोन्याचा. ज्या हत्याराला वसाहतीच्या काळात रानटी म्हटले गेले, ते आता लोकनियुक्त सभागृहाच्या अधिकाराची खूण आहे.

महाराष्ट्रात मानाचा दंड आजही जिवंत पाहायचा तर वारीत जावे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोचलेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो माणसांचा तो समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने मात्र टाळ वाजवत राहायचे अशी रीत आहे. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकतो, निवाडा होतो, आणि मगच आरती. पोलीस नाही, ध्वनिक्षेपकावरून आरडाओरडा नाही. सत्तेच्या खुणेचा इतका शहाणा वापर क्वचितच कुठे होत असेल.

चोपदाराच्या हातातला चांदीचा दंड हा दरबारांतून आला. राजदरबारात भालदार-चोपदार पुढे चालत आणि ललकारी देत. असा दंड घडवण्याची जुनी रीत ठरलेली आहे: आत लाकडाचा गाभा आणि बाहेर चांदीचा पत्रा. पत्र्यावर उठावाचे काम करायचे तर तो राळेवर बसवतात. राळ घट्ट असते पण ठोक्याला किंचित दबते, म्हणून पत्रा न फाटता फुगतो आणि पाने-फुले उठून येतात. मग राळ तापवून काढायची, पत्रा दांड्यावर गुंडाळायचा आणि सांध्यावर कडी चढवायची. अशा दंडाचे बोंड बहुधा पोकळ असते. दरवळत्या अत्तराच्या आणि मखमलीच्या जगातली ही वस्तू जुन्या बाजारात विकायला येते तेव्हा तिचे मोल वजनावर लावले जाते. चांदी वितळवून पैसे करणारा सराफ आणि दंड ओळखणारा संग्राहक यांत कोण आधी पोचतो, यावर तिचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

ओळखणारा आधी पोचला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण पुण्यात आहे. डॉ. दिनकर केळकर चष्म्याच्या दुकानाबरोबर जुन्या वस्तू जमवण्याचा ध्यासही सांभाळत. १९२० च्या सुमारापासून त्यांनी गावोगावचे दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्ये, शस्त्रे गोळा केली. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि सुमारे २० हजार वस्तू महाराष्ट्राला दिल्या. रोजच्या वापरातल्या वस्तूला त्यांनी सिंहासनाशेजारी जागा दिली. ज्या अडकित्त्याकडे घरच्यांनी मोडीत घालायची वस्तू म्हणून पाहिले होते, तो त्यांच्यामुळे वाचला.

नागपूरच्या परिसरात मात्र मानाच्या हत्याराची गोष्ट केळकरांच्या, नागपूरकर भोसल्यांच्या आणि चोपदारांच्याही फार मागे जाते. शहराभोवती जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट, खापा अशा अनेक ठिकाणी दगडांची मोठी वर्तुळे आहेत. ती लोहयुगातली दफने आहेत, सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. मृतांबरोबर लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या आणि घोड्यांचा साज पुरलेला सापडतो. विदर्भातल्या या कुऱ्हाडींची एक खूण जाणकार लगेच ओळखतात. सपाट, रुंद पाते आणि त्याला लाकडी दांड्यावर आवळून धरणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या. दांडा केव्हाच मातीत मिळाला, पट्ट्या तशाच पात्याला चिकटून राहिल्या आहेत. पात्याला भोक पाडून दांडा घालण्याऐवजी दांड्याला चिकटवून बांधायचे, ही त्या लोहारांची सोडवणूक होती.

माहुरझरीचे उत्खनन डॉ. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात केले. तिथे तांब्याच्या मुठीचा लोखंडी खंजीर सापडला आणि घोड्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही. तांबे मऊ आणि लोखंड कणखर, म्हणून मारायच्या भागाला लोखंड आणि हातात दिसायच्या भागाला चमकणारे तांबे. धातूंची ही वाटणी मानाच्या हत्याराची आहे, नुसत्या लढाईच्या हत्याराची नाही. माहुरझरीच्याच एका छिन्नीची धातुशास्त्रीय तपासणी पुढे झाली आणि ती पोलादाची निघाली. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि मळीसकट, साधारण ख्रिस्तपूर्व ७०० ची. खनिज गाळणारा, पोलाद जाणणारा आणि तांब्याची मूठ घडवणारा कारागीर या मातीत इतक्या आधी होता. नागपूरच्या शाळांत हा धडा इतिहासाच्या पहिल्या पानावर असायला हवा.

या वर्तुळांनी एक बळीही घेतला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा, सारे नोंदवत असत. १८६३ च्या सप्टेंबरात ते टाकळघाटची वर्तुळे पाहायला गेले होते. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलही तिथेच होते. ४ तारखेला रात्री परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले, ज्याला जुने नागपूरकर अजबबंगला म्हणतात. गोंड समाजावरची हिस्लॉप यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. नोंदवही मागे राहिली म्हणून त्यांचे काम उरले.

अजबबंगल्यात पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे गुंगेरियाचे तांबे. बालाघाट जिल्ह्यातल्या त्या गावी १८७० मध्ये गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीत धातू दिसला. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या, वजन सुमारे ३७६ किलो, आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे. तांब्यात सपाट कुऱ्हाडी आणि लांब पहारीसारखी पाती होती. चांदीच्या पत्र्यांत चकत्या आणि खाली वळलेल्या शिंगांची बैलमुंडकी. चांदीचे पत्रे कुणी युद्धाला नेत नाही. म्हणून अनेक अभ्यासक हा साठा धर्मविधीत अर्पण केलेला मानतात. पुढे त्याची वाटणी झाली. काही वस्तू नागपुरात राहिल्या, काही कलकत्त्याला, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. एकत्र पुरलेला ठेवा असा तीन दिशांना पांगला. सगळा साठा एका दालनात मांडलेला पाहता आला असता तर त्याचा अर्थ कितीतरी उलगडला असता.

याच्या उलट उदाहरण कुही तालुक्यातच आहे. अडम गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ ते १९९२ या काळात अमरेंद्रनाथ यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. मातीची तटबंदी आणि खंदक असलेले प्राचीन नगर तिथे उघडे झाले. वस्तीचे थर दगडी हत्यारांच्या काळापासून सातवाहनांपर्यंत एकावर एक होते. सातवाहनांची नाणी मिळाली. अस्सक जनपदाचे नाव ब्राह्मी लिपीत असलेला मातीचा ठसा हा त्यातला मोलाचा पुरावा. सोन्याने मढवलेल्या तलवारीसमोर हा ठसा कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. पण तो कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात, कशाशेजारी मिळाला हे लिहिलेले आहे, म्हणून एका जनपदाचे ठिकाण नकाशावर दाखवण्याइतके बळ त्या मातीच्या तुकड्यात आले. याच तालुक्यातल्या मांढळला वाकाटकांचे ताम्रपट आणि मूर्ती मिळाल्या. नागपूर विद्यापीठाने सत्तरच्या दशकात तिथे उत्खनन केले. पंचनद्यांच्या आंभोऱ्यापर्यंत पसरलेला हा तालुका पर्यटनाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकला जातो, हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता नागपूरच्या सर्वांत गाजलेल्या मानाच्या हत्याराकडे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहाच्या यादीत एक मराठा तलवार आली. सरळ, एकधारी, युरोपात घडलेले पाते, मुल्हेरी घाटाची मूठ, मुठीवर सोन्याची नक्षी, आत हिरव्या कापडाचे वेष्टण. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्यात देवनागरी अक्षरे: ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक, पहिले रघुजी, यांचे हे नाव आणि ही पदवी. छत्रपती शाहूंनी दिलेले सेनासाहेबसुभा हे पद त्यांनी कर्नाटकापासून बंगालपर्यंत गाजवले. त्यांच्या बंगालच्या स्वाऱ्यांनी जेरीस आलेल्या अलीवर्दीखानाने १७५१ मध्ये ओडिशा सोडला आणि वर्षाला १२ लाखांची चौथ कबूल केली.

फिरंग म्हणजे फिरंग्यांचे पाते. झोलिंगन, टोलेडो अशा गावांत घडलेली पाती पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर येत. इथला कारागीर त्यांवर मूठ चढवी. सरळ लांब पाते घोड्यावरून भोसकायला आणि लांबून वार करायला सोयीचे. मुठीला पंजा झाकणारी जाळी, आत हात घसरू नये म्हणून अस्तर, मागच्या टोकाला दुसरा हात लावता यावा असा गज. युरोपचे पोलाद आणि दख्खनची मूठ यांच्या मिलाफातून जे हत्यार तयार झाले, ते पूर्णपणे मराठ्यांचे होते.

मुठीवरच्या सोन्याच्या कामाला कोफ्तगिरी म्हणतात. पोलादावर सोने नुसते चिकटत नाही. आधी बारीक कानशीने पृष्ठभागावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी ओरखडायची, म्हणजे तो खरखरीत होतो. त्यावर नक्षीप्रमाणे सोन्याची केसाएवढी तार किंवा वर्ख ठेवून हातोडीने हळूहळू ठोकायचे. सोने त्या ओरखड्यांत शिरून धरते. मग थोडी धग देऊन गारेच्या दगडाने घोटायचे. रेघ फार खोल गेली तर सोने बुडते, उथळ राहिली तर वर्षभरात निघून जाते. अठराव्या शतकातल्या मराठा शस्त्रांवर अशी सजावट आणि त्यात धारकाचे नाव, दोन्ही एकत्र विरळाच आढळतात.

महाराष्ट्र शासनाने ही तलवार लिलावात मिळवली. सर्व खर्चासह ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना पडली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत पोचली. ती परत मागून मिळाली नसती. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे आणि तो मागच्या काळाला लागू होत नाही. नागपूर संस्थान तर सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईत लुळे पडले आणि तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये खालसा झाले. राजवाड्यातले हत्ती-घोडे विकले गेले, जवाहीर कलकत्त्याला नेऊन विकले. अशा काळात गेलेली वस्तू बाजारात दिसली की विकत घेणे हाच उपाय राहतो. काहींनी या खर्चावर नाक मुरडले. सार्वजनिक पैसा पुतळ्यांवर जातो त्यापेक्षा अशा वस्तूवर जाणे कितीतरी बरे.

फिरंगेची किंमत तिच्या सोन्यात नाही, त्यावरच्या नावात आहे. नाव नसते तर ती ‘मराठा तलवार, अठरावे शतक’ एवढीच राहिली असती आणि कदाचित नागपुरात कुणाच्या लक्षातही आली नसती. २०२५ मध्येच नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे पाहायला रांगा लागल्या होत्या. ती ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून आली. मूळ संग्रहालय स्वतःच सांगते की हीच नखे अफझलखानावर चालली याचा पडताळा देता येत नाही. फिरंग आणि वाघनखे यांच्यातला फरक नोंदीचा आहे. एकीवर नाव कोरलेले, दुसऱ्यांची ओळख पेटीवरच्या लेखावर आणि सांगोवांगीवर टेकलेली. झुलू सोट्यांच्या बाबतीत तर पेटीही नाही.

म्हणून जुन्या वस्तू जमवण्याची हौस असलेल्यांनी पैशाआधी माहिती गोळा करावी. वस्तू कोणत्या गावची, कोणत्या घरातली, कोणत्या सणाला किंवा विधीला बाहेर निघत असे, लोहाराचे किंवा सोनाराचे नाव कुणाला आठवते का, हे विचारून लिहून ठेवावे. फोटो काढावा, मोजमाप आणि वजन नोंदवावे. गंज घासून, पॉलिश करून वस्तू नवी करू नये. हाताच्या वापराने आलेली झाक एकदा गेली की परत येत नाही. देवघरातल्या, देवस्थानातल्या पूजेच्या हत्याराला हात लावू नये. ते ज्या समाजाचे आहे त्याच्याकडेच ते शोभते.

कायदाही ठाऊक असावा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. दहा रुपयांची ती मर्यादा आज विचित्र वाटेल, पण तिचा अर्थ सरळ आहे: जवळजवळ प्रत्येक वस्तू कळवायलाच हवी.

कुही, मांढळ, अडमच्या परिसरात नांगराच्या तासाला आजही खापरे, मणी, नाणी आणि लोखंडाचे तुकडे लागू शकतात. असे काही दिसले तर ते धुऊ नये, घासू नये, भंगारवाल्याला देऊ नये. सापडलेल्या जागेचा फोटो काढावा, गट क्रमांक लिहावा, आणि कुहीच्या तहसील कार्यालयात व नागपूरच्या पुरातत्त्व खात्यात कळवावे. आणि घरात आजोबांची मानाची काठी, चांदीच्या बोंडाचा दंड किंवा जुनी तलवार असेल, तर ती कुणाची आणि कुठून आली ते सांगणारे माणूस घरात आहे तोवर त्याच्याकडून विचारून घ्यावे आणि कागदावर लिहून वस्तूसोबत बांधून ठेवावे.